घरी नमाज होते, मग पाच वेळा मशिदीत कशाला?

पारोळेकर (मंगळवार, रात्री 10:40)

मंडळी, चार वर्षं इथे नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. गेल्या आठवड्यात ऑफिसात डबा खाताना आमच्या मॅडमनी विचारलं, "तुमची नमाज घरीसुद्धा चालते ना? मग तुमचे वडील या वयात पाच-पाच वेळा मशिदीत कशाला जातात? आमचे बाबा पूजा घरीच करतात की." प्रश्न वाकडा नव्हता, मनापासून विचारला होता. मी "जमातीत सवाब जास्त असतो" असं म्हणून वेळ मारून नेली (जमात म्हणजे इमामाच्या मागे सगळ्यांनी मिळून पढलेली नमाज, सवाब म्हणजे पुण्य). पण भेंडीची भाजी संपेपर्यंत माझं उत्तर मलाच पटेना.

उत्तर खोटं नव्हतं. एकट्याच्या नमाजेपेक्षा जमातीच्या नमाजेचं पुण्य 27 पट, काही हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांत) 25 पट, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. पण अब्बा काही पाढे म्हणत मशिदीत जात नाहीत.

अब्बा 74 वर्षांचे. एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते, गल्लीत अजून 'मिस्तरी' म्हणूनच ओळखतात. राहायला पारोळ्यात. मी जळगावला, सुट्टीच्या दिवशी जाऊन येतो. माझं म्हणाल तर आठवड्यात एकच, जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची. तीही साहेबांची मीटिंग आडवी आली नाही तर.

मागच्या थंडीत एका दिवशी अब्बा फजरला, पहाटेच्या नमाजेला, गेले नाहीत. रात्री ताप चढला होता, अम्मीने उठवलं नाही. साडेसहाला दार वाजलं. रिक्षा चालवणारे चाचा, अंगावर अजून शाल. "भाभी, मिस्तरी दिखे नहीं आज." अम्मीने सांगितलं, ते गेले. वीस मिनिटांत रिक्षा दारात. दवाखाना, सलाईन, सगळं होऊन अब्बा घरी आले तेव्हा कुठे मला फोन. दुपारच्या जुहरनंतर तिघं येऊन गेले, उतरत्या दुपारच्या असरनंतर एकजण मोसंबी ठेवून गेला. भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्यांना संध्याकाळी कळलं. चांगले आहेत बिचारे, पन्नास वर्षांचा घरोबा आहे. पण पहाटे साडेपाचला मिस्तरी कुठे उभे असतात हे बघायची त्यांना सवय नाही.

मशिदीत हजेरीपट नसतो, पण हजेरी लागते. मॅडमना हे सांगायला हवं होतं.

आता ज्यांनी आत कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं. नमाज सुरू व्हायच्या आधी इमाम मागे वळून म्हणतो, "सफें सीधी कर लो." सफ म्हणजे रांग. खांद्याला खांदा, टाचा एका रेषेत. पुढची रांग भरल्याशिवाय मागची सुरू करायची नाही. जागा धरून ठेवायची सोय नाही, रुमाल टाकून तर अजिबात नाही (एसटीत चालतं ते इथे चालत नाही). म्हणजे शेजारी कोण उभा राहणार हे आपल्या हातात नाही. ज्याच्याशी बांधावरून कोर्टात तारखा चालू आहेत तोच येऊन खांद्याला खांदा लावतो, आणि मध्ये फट ठेवता येत नाही. नमाज संपते ती मान आधी उजवीकडे, मग डावीकडे वळवून सलाम करून. तोही त्याच्याकडे तोंड करूनच.

दुसरी गोष्ट मला फार आवडते. इमाम चुकला तर मागचा कुणीही त्याला दुरुस्त करू शकतो. याला लुकमा देणं म्हणतात. कुराण पठणात इमाम एखादी आयत (कुराणातलं वचन) विसरला की मागून आवाज येतो, तो ऐकून इमाम पुढे जातो. आमच्याकडे रमजानमध्ये रात्रीच्या जादा, तरावीहच्या नमाजेत बारा-तेरा वर्षांच्या हाफिज (कुराण तोंडपाठ असलेल्या) पोराने मोठ्या हाफिजसाहेबांना लुकमा दिलेला मी ऐकलाय. नंतर कुणी रागावलं नाही. उलट बाहेर कुणीतरी त्याला बर्फाचा गोळा घेऊन दिला.

आणि एक खुर्ची. अब्बांचे गुडघे गेल्यापासून ते खुर्चीवर बसून नमाज पढतात. रांगेच्या मध्ये खुर्ची आली की मागच्याला सजद्याला, जमिनीवर कपाळ टेकायला, अडचण, म्हणून खुर्च्या टोकाला. तीस वर्षं इमामाच्या बरोबर मागे उभे राहणारे अब्बा आता भिंतीकडेला असतात. त्यांना ते लागतं, बोलत नाहीत.

तुमच्याकडे काय अनुभव? मुसलमान नसलेल्यांनीही लिहा, त्यांचेच प्रश्न बरे असतात.

कानबाईची_लेक (मंगळवार, रात्री 11:25)

छान लिहिलंय भाऊ. मी धुळ्याची. वाचताना आमचे कानबाईचे रोट आठवले (कानबाई ही आमची खान्देशी देवी, रोट म्हणजे तिचा प्रसाद). नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा पुणे-सुरतेला गेलेले सगळे भाऊबंद गावी येतात. न येणाऱ्याची बरोब्बर चौकशी होते, "धाकलाना पोऱ्या का बरं नही उना?" म्हणजे हजेरी आमच्यातही आहे, फक्त वर्षातून एकदा. तुमची दिवसातून पाचदा. आम्हाला झेपलं नसतं!

नकाशावाला (बुधवार, सकाळी 7:10)

थोडं अवांतर. मक्केचा अक्षांश साधारण 21.4 अंश उत्तर. नंदुरबारचाही जवळपास तेवढाच, जळगाव-धुळे 21 च्या आसपास. म्हणजे खान्देश आणि मक्का नकाशावर एकाच आडव्या रेषेत. म्हणून आपल्याकडे किबला (नमाजेची मक्केकडची दिशा) सरळ पश्चिमेला असणार असं वाटतं. पण पृथ्वी गोल असल्यामुळे जवळात जवळची दिशा काढली तर जळगावहून ती पश्चिमेपासून सुमारे 7 अंश उत्तरेकडे झुकते. जुन्या मशिदी बांधणाऱ्यांनी मावळत्या सूर्याकडे बघून काम भागवलं, आणि धर्मशास्त्र एवढा फरक चालवून घेतं.

पारोळेकर (बुधवार, सकाळी 9:02)

हे अब्बांना दाखवलं पाहिजे. मोबाइलमधलं होकायंत्र बघून एका नव्या पोराने वाद घातला होता तेव्हा अब्बा म्हणाले होते, "सात डिग्रीसे अल्लाह नहीं चूकता."

कानबाईची_लेक ताई, रोटांची तुलना आवडली. फरक एकच दिसतो, रोट भाऊबंदांचे. परक्याला ते खाता येत नाहीत ना? सफेत उलटं आहे. भुसावळला गाडी चुकलेला अनोळखी माणूस आत आला, वजू केलं (नमाजेआधी हात-तोंड-पाय धुतले), पहिल्या रांगेत जागा असली तर तिथे उभा राहिला. नाव-गाव कुणी विचारत नाही.

तर्कट (बुधवार, सकाळी 11:48)

लेख भावुक आहे, मुद्दा तपासू या. रांगेत समता असते हे मी शाळेपासून ऐकतोय. रांगेतून बाहेर आल्यावर काय? माझे मुसलमान मित्र पिंजारी आहेत, खाटीक आहेत, बागवान आहेत, मोमीन आहेत. पोरीच्या लग्नाची वेळ आली की प्रत्येकजण आपापल्या बिरादरीत. खांद्याला खांदा सात मिनिटं, सोयरीक शून्य. मग ही समता आहे की समतेची कवायत?

भुसावळ_जंक्शन (बुधवार, दुपारी 1:15)

कवायत तर कवायत भाऊ, पण कवायत न करणाऱ्या पलटणीचं काय होतं तेही बघा :)

मी रेल्वेत रनिंग स्टाफ. ड्युटीचा ठिकाणा नाही, आज इटारसी तर उद्या मनमाड. प्रवाशाला सूट आहे, चार रकातच्या फर्ज (बंधनकारक) नमाजेच्या दोनच पढायच्या. रकात म्हणजे उभं राहणं, वाकणं, सजदा असा नमाजेचा एक फेरा. पण स्थानिक इमामाच्या मागे उभं राहिलं तर पूर्ण चार पढाव्या लागतात. मी मुद्दाम मागे उभा राहतो. महिना-महिना घर दिसत नाही, निदान कुणाच्या तरी मागे उभं राहिल्यासारखं होतं.

उशिरा येणाऱ्याचंही गंमतशीर आहे. इमाम रुकूत (कमरेत वाकलेला) असेपर्यंत पोचलात आणि सामील झालात तर ती रकात मिळाली. इमाम उठून उभा राहिला की गेली. ती नंतर एकट्याने भरून काढायची. रुकूसाठी धावू नये असं सांगितलेलं आहे, तरी पोरं धावतातच. चालत्या पॅसेंजरचा दांडा धरल्यासारखं.

पारोळेकर (बुधवार, दुपारी 2:30)

तर्कट भाऊ, मुद्दा खरा आहे, मी टाळत नाही. माझ्याच चुलतबहिणीचं स्थळ बिरादरीवरून मोडलं. दोन्ही बाप एकाच मशिदीचे, वर्षानुवर्षं एकाच रांगेचे. मशिदीने ते लग्न जमवून दिलं नाही. पण दोघांची सून-जावई कुणीही झाली तरी जनाजा (अंत्ययात्रा) त्याच अंगणातून उठणार आणि त्याच रांगा लागणार. जनाजाच्या नमाजेत रुकू नाही, सजदा नाही. उभ्या-उभ्या चार तकबीर, म्हणजे चारदा 'अल्लाहु अकबर'. काही जणांनी पढली तर साऱ्या वस्तीवरची जबाबदारी उतरते, कुणीच नाही पढली तर सारी वस्ती गुन्हेगार. सोयरीक नाकारता येते, याला नाही म्हणता येत नाही. एवढंच हाताशी आहे, ते मी थोडं मानत नाही.

जुना_खान्देश (बुधवार, सायंकाळी 6:20)

इतिहासाची भर घालतो, विषय खान्देशाचा आहे म्हणून. खान्देशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याची सुरुवातीची राजधानी थाळनेर, तापीकाठी, आजच्या शिरपूर तालुक्यात. तिथे त्यांच्या कबरी आहेत. पुढे नासीर खानाने बुऱ्हाणपूर वसवलं, नाव दिलं सुफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं. आज ते मध्य प्रदेशात गेलं, पण रावेरवाल्याला विचारा, बाजाराला तो कुठे जातो.

त्या बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत, राजा अली खानाच्या काळात बांधलेल्या, अरबी लेखाबरोबर संस्कृत शिलालेख आहे. संवत 1646, शके 1511, महिना, तिथी, नक्षत्र, सगळं पंचांग घालून. ज्या भिंतीकडे तोंड करून हजारो लोक रांगेत उभे राहतात त्याच भिंतीवर देवनागरी. 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि फारुकी राज्य संपलं. रांगा मात्र तेव्हापासून लागतायत त्या लागतायत. मी दोनदा जाऊन पाहिलाय तो लेख. पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्याने टॉर्च धरली आणि म्हणाला, "पढो, आपकी जबान में है."

शिरपूरना_पोऱ्या (बुधवार, रात्री 8:05)

भो, आम्हना गावमा मुसलमानेसना पाचच घरं शेतस. मशीद नही. जुम्माले बठ्ठा जण फटफटीवर तालुकाले जातस.

मराठीतच लिहितो, नाहीतर पुणेकर मारतील. मला एक सांगा, पाच घरं मिळून गावातच जुम्मा का नाही करत? मी मित्राला विचारलं तर तो म्हणतो होत नाही. पेट्रोल जाळत तेवीस किलोमीटर का?

पेटीवाला (बुधवार, रात्री 9:30)

मी एका मशिदीच्या कमिटीत आहे, कुठली ते सांगत नाही, नाहीतर उद्या पंखा का बंद आहे म्हणून फोन येतील.

शिरपूरच्या भाऊंना: आपल्याकडचे बहुतेक मुसलमान हनफी, म्हणजे सुन्नींमधल्या हनफी मताचे. हनफी मतानुसार जुम्म्याला इमाम सोडून निदान तीन माणसं लागतात, ती तर पाच घरांत सहज भरतील. पण वस्तीसुद्धा कसबा म्हणावा एवढी मोठी लागते. खेड्यात रोजची जुहर पढायची. शुक्रवारची नमाज हा मुळातच गर्दीचा विधी आहे. आधी उर्दूत बयान (भाषण), मग अरबीत दोन खुतबे (प्रवचनं), मग दोन रकात. लहान-लहान तुकडे करायचे नाहीत, सगळ्यांनी एकत्र यायचं, हाच हेतू.

आणि कुराणात तिथेच पुढे म्हटलंय की अजान झाली की खरेदी-विक्री सोडा आणि या, पण नमाज संपली की पांगा आणि आपली रोजी शोधा. 62 वी सूरत (अध्याय), 9 आणि 10 वी आयत. म्हणून शुक्रवार हा सुट्टीचा वार नाही. आमच्या इथे दीड वाजता मशिदीत असलेला बागवान अडीचला केळीच्या गाडीवर हजर.

पैशाचं कुणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो. लोकांना वाटतं वक्फ बोर्ड सगळं देतं. 1993 साली सुप्रीम कोर्टाने वक्फ बोर्डांनी इमामांना मोबदला द्यावा असा निकाल दिला खरा, पण आमच्यासारख्या छोट्या मशिदीचा गाडा जुम्म्याच्या पेटीवर चालतो. इमामसाहेबांना आम्ही जे देतो ते सांगायची लाज वाटते. दुपारचं-रात्रीचं जेवण घराघरातून बारीने. ज्याची बारी असेल त्याच्या घरी त्या दिवशी भाजी जरा बरी होते. विजेचं बिल, वजूखान्याची मोटर, सतरंज्या, रमजानमध्ये हाफिजसाहेबांचा नजराणा. उन्हाळ्यात टँकर. हो, टँकर. नदी वाहत असली तरी वजूला पाणी वाया घालवू नये अशी शिकवण आहे, आणि आमच्याकडे नळाला आठव्या दिवशी पाणी. म्हणून मोठ्या चाव्या काढून दाबायच्या तोट्या बसवल्या. हात काढला की धार बंद. पहिले पंधरा दिवस शिव्या खाल्ल्या.

बिनधास्त_भाऊ (बुधवार, रात्री 10:50)

सगळं गोड-गोड चाललंय. भोंग्याचं काय? पहाटे झोपमोड होते त्याबद्दल कुणीच बोलेना. आणि रस्त्यावर नमाज?

पेटीवाला (बुधवार, रात्री 11:15)

बोलतो की. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद, हा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम, सुप्रीम कोर्टाने 2005 मध्ये तो पक्का केला. फजरची अजान वर्षातले बहुतेक दिवस 6 च्या आधी येते. आमच्याकडे ती आता आतल्या आत होते. म्हातारे घड्याळ लावून उठतात, पोरं मोबाइल लावून उठत नाहीत. फजरच्या अजानेत एक ओळ जास्त असते, "नमाज झोपेपेक्षा बरी". ती आता झोपलेल्याला ऐकूच जात नाही, एवढाच काय तो फरक. अजान हे जमातीचं बोलावणं आहे. पहिले मुअज्जिन (अजान देणारे) हजरत बिलाल यांच्याकडे कुठला भोंगा होता?

रस्त्याचं म्हणाल तर जागा अपुरी म्हणून जुम्म्याला रांग बाहेर येते. आम्ही गच्चीवर पत्रे टाकले आणि शेजारच्या मशिदीशी बोलून वेळा बदलल्या. त्यांची जमात दीडला, आमची दोनला. दारातल्या फलकावर घड्याळं असतात ना, प्रत्येक नमाजेचं एक, ती बघून माणूस ठरवतो कुठे गाठायची.

संपादक (बुधवार, रात्री 11:40)

भोंग्यावर एक प्रश्न, एक उत्तर झालं, पुरे. एरंडोलच्या पांडववाड्यातल्या मशिदीच्या वादाबद्दल दोन प्रतिसाद आले होते, ते काढले आहेत. प्रकरण न्यायालयात आहे, त्यासाठी हा धागा नाही.

तडवी_यावल (गुरुवार, सकाळी 8:30)

मी तडवी भिल्ल. यावल तालुका, सातपुड्याच्या पायथ्याला. आमची गोष्ट जरा निराळी. माझा आजा ईदची नमाज तेवढी पढायचा, बाकी वर्षभर रान, मोह आणि गुरं. रोजची जमात आमच्या पाड्यावर माझ्या देखत सुरू झाली. चांगलं झालं, दारू कमी झाली, हे बायका सांगतात, मी नाही. पण बाहेरून आलेल्या मौलानांचं बयान अस्सल उर्दूत. पुढच्या रांगेतले म्हातारे माना हलवायचे, बाहेर आल्यावर विचारायचे, "काय सांगितलं रं?"

आता गावातलाच एक शिकून आलेला पोरगा नमाज पढवतो. खुतबा अरबीतच, पण आधीचं बयान तो आमच्या बोलीत करतो. पहिल्यांदा केलं त्या दिवशी विषय होता उसनवारी. बाहेर पडताना दोन माणसांनी एकमेकांचे पैसे परत केले. उर्दूत हेच दहा वेळा ऐकलं होतं त्यांनी.

तर्कट (गुरुवार, सकाळी 10:05)

हा प्रतिसाद या धाग्यातला सर्वात कामाचा. भाषा कळल्यावर रांग बाहेर येते तर.

नाहिदा_धुळे (गुरुवार, दुपारी 3:10)

कालपासून वाचतेय. रांग, खांदा, हजेरी, चौकशी. सगळं खरं असेल. यात मी कुठे आहे?

पारोळेकर भाऊ, तुमच्या अब्बांची चौकशी करायला रिक्षावाले चाचा आले. तुमच्या अम्मी तापाने पडल्या असत्या तर कुठल्या सफेत फट दिसली असती?

मी शिक्षिका आहे. 2018 ला उमरा (मक्केची छोटी यात्रा) केला. हरममध्ये, तिथल्या मोठ्या मशिदीत, पाच वेळा जमातीत उभी राहिले, उजवीकडे इंडोनेशियाची बाई, डावीकडे तुर्कस्तानची. माझं पाऊल पुढे गेलं तर तुर्कस्तानच्या बाईने हाताने मागे सरकवलं. तुम्ही लिहिलं तसंच, टाचेला टाच. धुळ्याला परत आले आणि पुन्हा कपाटाशेजारची दोन फूट जागा.

बायकांवर जमात बंधनकारक नाही, जुम्माही नाही, घरातली नमाज त्यांच्यासाठी उत्तम, हे मला माहीत आहे, कृपया कुणी शिकवू नये. पण "अल्लाहच्या दासींना अल्लाहच्या मशिदींपासून अडवू नका" हीसुद्धा हदीसच आहे. पुण्याच्या एका दांपत्याच्या याचिकेवर 2020 मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने सुप्रीम कोर्टात लिहून दिलं की बाईला मशिदीत नमाजेसाठी यायला मनाई नाही. मनाई नाही, पण जागाही नाही. केरळात कित्येक मशिदींत वेगळा जिना, वेगळा मजला आहे.

पुण्याचं सोडा, साधी गोष्ट सांगते. लग्नाची खरेदी करायला आपण जळगावला येतो. दिवस मोडतो. जुहरला पुरुष पटकन मशिदीत जातात, नमाज पढतात, तोंडावर पाणी मारतात, संडास वापरतात, पंख्याखाली दहा मिनिटं पाठ टेकतात. आम्ही पिशव्या सांभाळत साडीच्या दुकानाच्या पायरीवर. नमाजही जाते, आणि बाकीचं तर बोलूच नये.

कानबाईची_लेक (गुरुवार, दुपारी 3:32)

नाहिदाताई, त्या पायरीवर तुमच्या शेजारी मीच बसलेली असते.

भुसावळ_जंक्शन (गुरुवार, दुपारी 4:00)

आपा, खरं बोललात. आमच्या घरी तरावीहसाठी गल्लीतल्या बायका एका घरात जमतात, हाफिजा मुलगी पढवते. तिथे कोण आलं नाही याची चौकशी अगदी कडक होते. पण तेही रमजानपुरतंच.

पारोळेकर (गुरुवार, रात्री 10:15)

नाहिदा आपा, दुपारी वाचलं, लगेच उत्तर सुचलं नाही. अम्मीला फोन करून विचारलं, "तू आजारी पडलीस तर कुणाला कळेल?" ती म्हणाली, "तुझ्या अब्बांना, चहा नाही मिळाला की." हसली. मला हसू आलं नाही.

कोरोनातलं आठवलं. मार्च 2020 ला मशिदी बंद झाल्या. आत इमामासह चार-पाच जण, बाकी सगळे घरी. शुक्रवारीही घरात जुहर. त्या रमजानमध्ये अब्बांनी आयुष्यात पहिल्यांदा तरावीह घरी पढली. अब्बा पुढे, मी मागे, आणि माझ्या मागे अम्मी, बायको, मुलगी. पाच माणसांची जमात, दिवाणखान्यातली टीपॉय उभी करून ठेवलेली. अम्मी तेव्हा म्हणाली होती, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुमच्या मागे उभी राहिले." पाडव्याला, 16 नोव्हेंबरला, मशिदी उघडल्या. अब्बा इतके खूश होते की टोपी उलटी घालून गेले. टीपॉय परत जागेवर आली. अम्मीला कुणी काही विचारलं नाही. मीही नाही.

रविवारी फजरला अब्बांबरोबर गेलो होतो, मॅडमचा प्रश्न डोक्यात होता म्हणून. मी अब्बांच्या खुर्चीशेजारी टोकाला उभा राहायला गेलो तर पुढे फट होती, एका पोराने बाही धरून मला तिकडे ओढलं. सलाम फेरताना उजवीकडे रिक्षावाले चाचा. बाहेर चपला घालताना म्हणाले, "मिस्तरी का लडका है ना? अगले इतवार भी आना." आता पुढच्या रविवारी मी गेलो नाही तर अब्बांना विचारणार. अडकलो.

पेटीवाला (गुरुवार, रात्री 11:50)

नाहिदा आपा, कमिटीत हा विषय मागे एकदा निघाला होता, जागा नाही म्हणून संपला. खरं सांगायचं तर जागा आहे. वजूखान्याच्या मागे एक खोली आहे, तिथे जुन्या सतरंज्या, मोडके पंखे आणि एक तुटलेला जनाजा (मयत न्यायची खाट) ठेवलाय. अडचण दाराची, आत जायला पुरुषांच्या वजूखान्यातूनच जावं लागतं. गल्लीच्या बाजूने भिंत फोडून दार काढता येईल. कुणी हो म्हणेल असं आत्ता सांगत नाही. दोन जण नक्की उठून जातील. पुढच्या बैठकीत मांडतो. वर मजला काढायचा, बाहेरून जिना घ्यायचा, असंही एकाने सुचवलं होतं, पण तो खर्च मोठा.

नाहिदा_धुळे (शुक्रवार, सकाळी 6:40)

मांडा. जिन्याचं नंतर बघू. आधी दार, आत एक नळ, एक संडास आणि आतून लागणारी कडी. त्या दाबायच्या तोट्या नकोत, मांडीवर पोर घेऊन वजू करावं लागतं, एक हात अडकलेला असतो.